कॉफीचा क्रेट

बिबवेवाडीतल्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक तरुणी बसली होती. मांडीवर कुत्र्याचं पिल्लू, त्याच्या पंजाला पट्टी. पलीकडे तिचे शेजारी, एक वयस्कर गृहस्थ.

“काका, तुम्ही फोन केलात म्हणून बरं. हडपसरच्या ऑफिसातून तशीच निघाले.”

“भिंतीपलीकडून केकाटणं ऐकू आलं. नंबर वॉचमनकडून घ्यावा लागला.”

“पिंजऱ्याच्या, म्हणजे क्रेटच्या जाळीत या कॉफीचं नख अडकलं. पण क्रेट वाईट नसतो हो. रात्री कॉफी आपणहून आत जाऊन झोपते.”

“तेव्हा दार उघडं असतं.”

“दिवसा उघडं ठेवलं तर वायरी चावते.”

“म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोंडायचं?”

“थोडा थोडा वेळ दार लावून सवय करायची असते, माहितीये मला. पण माझी सुट्टी संपली. नवऱ्याचं, अभिनवचंही ऑफिस लांब.”

“मधे कोणी बघायला?”

“कोणाला सांगणार, काका?”

“विचारलंत कोणाला?”

“नाही.”

“मग किल्ली ठेवून जात जा माझ्याकडे. दुपारी बाहेर काढीन, खाली फिरवून आणीन. सवय होईपर्यंत माझ्याकडेच बसू दे.”

“खरंच? तुम्हाला कुत्री आवडतात?”

“अजिबात नाही. द्या तिला इकडे, तुमचा फोन वाजतोय.”