ट्रॉलीत काय होतं

बाबा मंगळवारी सकाळी मंगरूळपीरच्या दवाखान्यात वारले. दुपारी आम्ही त्यांना नामदेवकाकांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत इंझोरीला नेलं.

मी इंझोरीचीच. घरी शेती. मला वाचायची सवय, म्हणून बाबा मास्तरीण म्हणायचे, मास्तरीण काही झाले नाही, मंगरूळपीरला एका ऑफिसात लागले. काम असं, की रस्ता रुंद करायचाय म्हणून गाड्या मोजायला मानोऱ्याकडच्या फाट्यावर खांबाला कॅमेरा लावलाय, संगणक येणाऱ्या प्रत्येक गाडीभोवती चौकट काढतो, वर नाव लिहितो, मोटरसायकल, ऑटो, एसटी, आणि तो चुकला तर मी दुरुस्त करायचं. बाबांना ते कधी समजलं नाही. गाड्या त मले बी मोजता येते, तुले कायले शिकवलं मंग, म्हणायचे, आणि हसायचे.

तेरवीनंतर कामावर गेले तर त्याच मंगळवारचं चित्रण माझ्या वाट्याला. काय सांगू तुम्हाला, आधी मी ओळखलंच नाही. ट्रॅक्टर आला, चौकट आली, वर लिहिलेलं, ट्रॉली, माल. मग ट्रॉलीत माझीच ओढणी दिसली. मी, भाऊ, काकू, मधे बाबा.

नियम असा, की पोती, कडबा असला तर माल, माणसं बसलेली असली तर प्रवासी. शेजारच्या संगीताताईला विचारलं, एखादा माणूस निजलेला असला तर? ती म्हणे, अवं, वऱ्हाड असन, थकून निजते मानसं, प्रवासी कर अन् सोड. मी मान हलवली. पण प्रवासी म्हणावं तर बाबा कुठे निघाले होते? आणि माल कसं ठेवू? मी चित्रण तिथेच थांबवलं आणि घरी गेले.

घरी बोलले तर भाऊ चिडला, तुया मशीनले मानूस अन् पोतं सारकंच दिसते काय, बदलून टाक ना वं. आई म्हणाली, बदलून काय होते, नामदेव दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॉलीत सोयाबीन घेऊन गेला. मला दोघांचंही पटलं, म्हणून आणखीच काही समजेना.

शेवटी प्रवासी केलं. आम्ही बसलेलो होतोच ना, आमच्यापुरतं ते खरं होतं. बाबांचं काय केलं मी, ते अजून कळत नाही.

रस्त्याचं काम अजून व्हायचंय. मी रोज त्याच फाट्यावरच्या गाड्या बघते. घरी आई, भाऊ आणि मी आहोत.