सरावाचा पेशंट

—दारावरची लाल पट्टी काढू नका, बेन. सराव संपला, कळलं मला, पण जरा हळू बोला, आत पाव्हणे आहेत. परवा तुम्हीच दवाखान्यातून येऊन म्हणालात ना, उषाबेन, उद्या खरंच फ्लूची साथ आली तर आपल्या कोसाडच्या वस्तीत काय करायचं ते आत्ताच शिकून घेऊ, एकाला खोटं खोटं आजारी करू? आमच्या ह्यांनाच निवडलंत — का, तर लूमचा कारखाना बंद, घरीच बसलेत. झोपले बिचारे खाटेवर. आजाऱ्याच्या खोलीत एकानंच जायचं म्हणे! अहो, आम्ही खानदेशातली माणसं — आजाऱ्याला भेटायला नाही गेलं तर लोक जन्मभर तोंड बघत नाहीत. अमळनेरहून अख्खी भाऊकी आली की उतरून. कोणी कळवलं? शेजारच्या चंचलनं, दुसरं कोण! तिच्या पोटात काही राहत नाही.

आणि लखनभाऊजीही आले. ह्यांचा धाकटा भाऊ. प्लेगच्या साली हे तापानं फणफणलेले, आणि भाऊजी बायकोपोरं घेऊन न सांगता गावच्या गाडीत बसले. सगळं सुरत पळत होतं, त्यांचं एकट्याचं काय घेऊन बसायचं? पण ह्यांनी नावच टाकलं. लग्नात बोलणं नाही, मयतीत नाही. आता बघा — तुमची पट्टी ओलांडून, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता पायाशी बसलेत. ‘दादा, काय व्हयनं?’ म्हणाले आणि ढसाढसा रडले. मी फोनवर एवढंच म्हटलेलं, की भाऊजी, ह्या वेळी काही खरं नाही —

काय? हो, मीच केला. चंचलच्या नावावर कशाला.

हे? हे सगळं ऐकतात डोळे मिटून. चांगले धडधाकट आहेत, पण उठत नाहीत. काल भाऊजींच्या हातची पेज प्यायले. मला फार बरं वाटलं, बेन, काय सांगू. तुमचा सराव फसला, मान्य. खरी साथ आली तर असंच होणार आणि अख्खं कोसाड आडवं होणार — त्याचं काय ते तुम्ही बघा, खरंच बघा. पण ह्यांना आज बरं करू नका. आज खोटं उघडं पडलं तर भाऊजी पुढच्या गाडीनं जातील, आणि मग खऱ्या आजारालाही यायचे नाहीत. रविवारपर्यंत राहू द्या. हळूहळू उतरवू ताप.

थांबा — भाऊजीच येतायत बाहेर. ते फडकं बांधा तोंडाला. हां. आता मान हलवा जरा, डॉक्टर हलवतात तशी. अजून एकदा.

बस्स. निघा आता.