बेळगावचं विमान

बेंगळुरूच्या एचएसआर भागातल्या आमच्या ऑफिसातल्या साहेबाची माया सांगतो, ऐका. साहेब माझ्याच गावचा, बेळगावचा. मोबाईलवर विमान कंपनी चालवायचा गेम त्याला मीच शिकवला. त्याचं बेंगळुरू-बेळगाव विमान रोज अर्धं रिकामं उडायचं. मी म्हटलं, ‘सर, तोट्यातला मार्ग सरळ बंद करायचा. जीव लावायचा नाही.’

पुढच्याच आठवड्यात त्यानं आमची अख्खी टीम कामावरून काढली. वर मलाच ऐकवतो, ‘तूच शिकवलंस की, तोट्यातलं बंद करायचं!’

मी बॅग उचलली. हा लिफ्टपर्यंत मागं आला. वाटलं, दोन शब्द बरे बोलेल. तर म्हणतो, ‘ते बेळगावचं विमान मात्र बंद करवत नाही बघ. शेवटी आपलं गाव आहे रे!’