कुलूपबंद घरांचा नकार

भाईंदरच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी होत्या. एक कोळीवाड्यातली म्हातारी, दुसरी दम्याच्या अभ्यासासाठी गावोगाव फिरणारी मुलगी. मुलीच्या हातात यादी होती.

"मावशी, तुमच्या आळीतून एकीनेही भाग घेतला नाही. सगळ्यांपुढे नकार लिहिलाय."

"नकार? कुनी दिला?"

"आमची टीम तीनदा येऊन गेली. तीनदा घर बंद असलं की नकार लिहितात."

"कवा आलती?"

"सकाळी, अकराच्या सुमारास."

"अकराला आमी बाजारात मावरं इकतो, बाय. घरी कोन घावनार?"

"मग कधी येऊ?"

"तीनला ये. पाट्या धुऊन समद्या वट्यावर बसतो. इचारशील ते सांगू."

"नक्की येते. आणि तुमच्या शेजारच्या विमलाबाईंनाही थांबायला सांगा. त्यांचा दमा खूप जुना आहे ना?"

"माजी बहीनच ती. नारली पुनवेच्या आधी गेली. दम लागूनच गेली."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"तिच्या नावापुढं काय लिवलंय?"

"...नकार."

"तेवडा खोड. तिला कुनी इचारलंच न्हाय."