विरघळणारा पडदा

परभणीच्या दातांच्या डॉक्टरकडे मला पाठवलं ते आमच्या शिवप्पानं. ज्या घरात अंडं उकडतं, तिथं पाणीसुद्धा न पिणारा माणूस. "वर्षाखाली मी दात बसवून घेतला. लय हुशार डॉक्टर हाय," म्हणाला.

डॉक्टरनं जबड्याचा फोटो बघितला. "अप्पा, हाड झिजलंय. वरून एक पडदा लावतो, म्हणजे हिरडी आत शिरत नाही अन् खाली हाड भरून येतं."

"पडदा काढायचा कधी?"

"काढायचा नाही. अंगातच विरघळतो."

"कशाचा हाय?"

"प्रथिनाचा."

"कोणत्या डाळीच्या?"

तो हसला. मी हसलो नाही. आम्ही लिंगायत, मांस-अंडं वर्ज्य. गळ्यातलं इष्टलिंग दाखवलं, तेव्हा खरं बोलला. "डुकराच्या कातडीपासून करतात. कारखान्यात बनवलेला दुसराही मिळतो, पण कुणी विचारतच नाही."

"सांगायला तोंड न्हाई का तुमाला?"

दुसरा लावून घेतला अन् घरी आलो. शिवप्पा ओट्यावर चहा पीत बसला होता.

"तुला कशाचा पडदा लावला रे?" मी विचारलं आणि डॉक्टरचं सगळं सांगितलं.

"कुणी विचारलंय डॉक्टरला? कधीच विरघळला की."

"कुठं?"

त्यानं बशी खाली ठेवली. तेव्हापासून तो कुणाच्याही घरचं पाणी पितो.