सतराव्या नंबरची आई

...आणि वर म्हणे 'सहसंशोधक'! मी! जिला स्वतःच्या पोरीचा दुसरा मोजा सापडत नाही, ती संशोधक! तुम्हाला सांगते, मी आपली फक्त हत्ती परत करायला गेले होते. लाकडी हत्ती, चाकांचा, पोटावर नंबर चिकटवलेला. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या वर एक संस्था आईबाळांसाठी खेळघर चालवते, तिथून पंधरा दिवसांसाठी खेळणं घरी नेता येतं. पंधरा दिवस झाले, मी निघाले. एका काखेत सव्वा वर्षाची ठमी, दुसऱ्या काखेत हत्ती. सरळ साधा व्यवहार की नाही? पण माझ्या आयुष्यात सरळ साधं काही होतं का?

दारातच संस्थेच्या ताईंनी गाठलं. "बरं झालं आलीस! विद्यापीठातून माणसं आलीत. बस." आत जमिनीवरच्या सतरंजीवर प्राध्यापकबाई बसलेल्या, मांडी घालायची सवय नसल्यासारख्या, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. म्हणाल्या, "आम्ही तुमच्यावर संशोधन करायला आलो नाही आहोत, तुमच्याबरोबर करायला आलोत." किती गोड वाक्य! आता गोड वाक्याला नाही कसं म्हणायचं? विषय होता लहान मुलांच्या आयांची काळजी. काळजी! अहो, मला वाटलं, शेवटी एकदा माझा विषय आला! मी सही केली. हत्ती माझ्याकडेच राहिला.

मग काय, आठ महिने! आज मुलाखत, उद्या बैठक, परवा 'रोजनिशी लिहा'. दर वेळी मी हत्ती घेऊन जायची, आणि दर वेळी ताई म्हणायच्या, "ते राहू दे गं, आधी हा फॉर्म भर." सासूबाई विचारायच्या, "परत आणलास हत्ती? विद्यापीठ शिकवतंय तरी काय तुम्हाला?" आणि ठमी? ठमी बोलेना. एक शब्द नाही! शेजारचं पोर तिच्याहून दोन महिन्यांनी लहान, ते 'दिवा बंद' म्हणतं, आणि आमची नुसती बघते. म्हणजे बघते, हसते, बोट दाखवते, सगळं कळतं तिला, पण तोंडातून अक्षर नाही. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी पोरं आपोआप बोलायची, विद्यापीठाला न विचारता." मी हसायची. आणि मोरीत जाऊन रडायची. माझ्यामुळेच बोलत नसेल, हो ना? मी तिला बोलायला जागाच देत नाही... तुम्हीच बघा ना, आत्ता तुम्हाला तरी देतेय का?

तर गेल्या आठवड्यात ताईंनी आम्हा सगळ्या आयांना अहवालाचा कच्चा मसुदा दिला. "वाच, आणि कडेला शेरे लिही. तू सहसंशोधक आहेस." मी लाल पेन घेतलं. लाल! कधीपासून हौस होती. नावं कुणाचीच नाहीत, नुसते नंबर. वाचत वाचत 'आई सतरा' आली. काय ती बाई! झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते. बाळाचा चमचा खाली पडला की उकळते, मग उकळलेला चमचा ज्या चिमट्यानं काढला त्या चिमट्याचा संशय येतो म्हणून चिमटा उकळते, आणि तो काढायला दुसरा चिमटा ठेवलाय! मी पोट धरून हसले. कडेला झोकात लिहिलं, 'या बाईंना विश्रांतीची गरज आहे. घरच्यांनी लक्ष द्यावे.' आणि नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

तो काकडी चिरत होता. थांबला.

"अगं," तो म्हणाला, "आपल्याकडे दोन चिमटे का आहेत?"

...

तुम्हाला सांगते, असं वाटलं की धरणी दुभंगावी आणि लाल पेनासकट मला पोटात घ्यावी! सतरा मी! आणि हे पान शनिवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचलं जाणार! मग आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. मी गॅसपाशी, "सतरा!" मी आरशापुढे, "सतरा..." नवरा समजूत घालतोय, "अगं, सतरा तर सतरा." सासूबाई, "सतरा काय, मला विचारलं असतं तर सत्तर सांगितलं असतं!" ठमी आमची तोंडं बघतेय. गप्प.

शनिवारी ठरवूनच गेले. हत्ती परत करायचा, ते पान काढायला सांगायचं आणि घरी यायचं. पण प्राध्यापकबाईंनी वाचायला सुरुवात केली सतरापासूनच! चिमटा आला. विद्यापीठातले लोक हसले. माझे कान तापले, आणि कशी कोण जाणे, मी उभी राहिले. "थांबा! ती मी आहे. सतरा नंबर मी. हसायचं तर तोंडावर हसा."

तशी कोपऱ्यातून शिवणकाम करणारी जुळ्यांची आई म्हणाली, "तू कशी? सतरा मी आहे."

"काहीतरीच!" आमच्यातल्याच एक नर्सबाई उठल्या. "दोन चिमटे माझ्याकडे आहेत. मी तर रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, तोंड लपवायला!"

"अहो, मी सतरा!" "छे, मी!" बघता बघता सगळ्या हात वर करून उभ्या! भांडण, तुम्हाला सांगते, वेडी कोण यावरून, आणि कुणी माघार घेईना!

प्राध्यापकबाई गोंधळल्या. "अहो, पण सतरा कुणीच नाही! पहिल्या पानावर लिहिलंय ना. कुणी ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांच्या मुलाखती मिळून एक आई तयार केली. तुम्ही सगळ्या मिळून आहातच सोळा!"

सोळा! आठ महिने दर बैठकीला आम्हा आयांच्या चहाचे सोळा कप मीच मांडले हो, मीच! पण पहिलं पान कोण वाचतं? मी मटकन खाली बसले. शेजारी नर्सबाई बसल्या, त्यांनी माझा हात धरला, आणि आम्ही दोघी आधी हसलो की आधी रडलो ते काही सांगता यायचं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड खाली ठेवल्यासारखं झालं. कारण सोळाजणींची पोरं छान श्वास घेत होती की! आणि सोळाजणी बोट धरून बघत होत्या.

तेवढ्यात सतरंजीवरून, हत्तीवर बसलेल्या आमच्या ठमीनं हात वर केला. सगळे वर करत होते ना, म्हणून. आणि खणखणीत म्हणाली, "शतला!"

पहिला शब्द! 'आई' नाही, 'बाबा' नाही. शतला! मी तिला उचललं, इतके मुके घेतले की ती पुन्हा ओरडली, "शतला!"

आणि प्राध्यापकबाईंचे डोळे असे चमकले! "ताई, घरातल्या काळजीतून मुलं भाषा कशी उचलतात... पुढच्या तीन वर्षांचा विषय मिळाला!" ताईंनी फॉर्म काढलाही. पहिला प्रश्न, मुलाचा पहिला शब्द कोणता?

मी म्हटलं, "लिहिते. पण आधी हा हत्ती घ्या हो परत."

ताई म्हणाल्या, "आता कसा घेऊ गं? तो संशोधनाचं साहित्य झालाय."