तीन कुलपांची पेटी

एडिंबराच्या पाणवठ्यावर ग्रिझेल शालीत तोंड लपवून रांगेत उभी होती. तिचा भाऊ आर्चिबाल्ड, सुतारांच्या संघाचा प्रमुख, रात्री घरं फोडतो हे उघडकीला आलं आणि तो पळाला. त्याच्या उरल्यासुरल्या गिन्या तिच्या झग्याच्या काठात शिवलेल्या होत्या. दुपारी त्या बंदरावर जहाजाच्या तांडेलाच्या हाती पडल्या, तरच तो फाशी चुकवून हॉलंडला पोचणार होता. पुढं संघातल्या दोन सुतारांच्या विधवा बोलत होत्या.

“संघातली आपली विधवांच्या मदतीची पेटीसुद्धा रिकामी निघाली, यूफनआजी!”

“अगं, तिला तीन कुलपं. तीन किल्ल्या तिघांच्या कमरेला. एकट्याला उघडता येऊ नये म्हणून तर ही रीत.”

“आणि तिन्ही कुलपं बसवली कुणी?”

“आर्चीनंच गं.”

“बापानं चार घरं ठेवली होती. कोंबड्यांच्या झुंजीत उडवली, मग आपल्या पेजेवर आला मेला!”

“माझ्या म्हाताऱ्याची शवपेटी त्यानं फुकट केली होती.”

“फुकट? व्याजासकट वसूल केली की!”

“चर्चमध्ये स्तोत्र म्हणायला लागला, की माझे डोळे भरून यायचे बाई.”

“मग हिवाळ्यात काय खाणार? स्तोत्रं?”

यूफनआजी मागं वळली, ग्रिझेलची घागर उचलली आणि आपल्या जागी ठेवली.

“ये पोरी, पुढं हो. कुठं का असेना, उपाशी तर नाही ना गं तो?”

ग्रिझेल खाली बसली आणि दातांनी झग्याचा काठ उसवू लागली.